गॅसची जीप आणि दुसऱ्याची वरात

राजेंद्र नगर, इंदूर
मंगळवार, मे २००३

ति. ज्ञानदीपदादांस,

बाबूरावचा सप्रेम जय भीम. इंदुरात आम्ही सगळे ठीक आहोत, तुमचंही नागपूरच्या त्या भट्टीत बरं चाललं असेल असं धरून चालतो. दुपारी छत्रीशिवाय बाहेर पडू नका. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. इथल्या एका वैद्याचं तेल आनंदीने त्यांच्यासाठी आणून ठेवलंय, पण बाटली गळते, म्हणून पोस्टाने पाठवत नाही.

आता मुद्द्याचं. महूच्या मावशींनी तुम्हाला फोन करून सांगितलं की आमच्या नंदिनीचं लग्न झालं, वरात मानपूरच्या बाजारातून गेली, नवरदेव फेटा बांधून तिच्या शेजारी बसला होता आणि गाडी खुद्द बापच चालवत होता. दादा, यातलं लग्न तेवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. पण सख्ख्या मामाला न बोलावता भाचीचं लग्न उरकणारा माणूस मी नाही. तेव्हा राग जरा बाजूला ठेवा आणि काय घडलं ते सुरुवातीपासून वाचा.

सुरुवात गाडीपासून. मिल बंद झाली त्याला अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून मी तसा रिकामाच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. लोकांचे कुकर नीट करून देतो, गीझर खोलतो, पण बावीस वर्षं मिलचा बॉयलर सांभाळलेल्या माणसाचं कुकरच्या शिट्टीने काय समाधान होणार? अशात फेब्रुवारीत एका ओळखीच्या गॅरेजमध्ये ही छोटी जीप दिसली. (छोटी म्हणजे जीपची धाकटी बहीण म्हणा. तोंडावळा तोच, बांधा लहान. पेपरवाले हल्ली अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात.) सेकंडहँड, आपल्या ऐपतीतली, आणि पेट्रोल व गॅस दोन्हींवर चालणारी! स्टिअरिंगखाली एक खटका आहे. वर केला की पेट्रोल, खाली केला की गॅस. मागच्या बाजूला गॅसची टाकी, टाकीला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला गेज. दादा, त्या गेजचा काटा बघितला आणि मी तिथेच विरघळलो. अकरा वर्षांनी कुणीतरी मला प्रेशर दाखवत होतं. गाडी दारात आली तेव्हा तुमची बहीण म्हणाली, "घरातला एक सिलिंडर वेळेवर येत नाही, आता दुसरा चाकांवर आणलात." (शाळेत शिकवणाऱ्या बायकांना असं बोलायची सवयच असते. तुमच्यासमोर ती किती गरीब असते ते मला माहीत आहे.)

आता नंदिनीचं. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमध्ये दोन वर्षं फॉर्म वाटता वाटता तिने स्वतः मास्तरकीची परीक्षा दिली आणि यादीत नाव आलं. मागच्या आठवड्यात सोमवारी दुपारी बाराच्या आत मानपूरच्या शिक्षण कार्यालयात मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. नाही झालं, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आनंदीचं म्हणणं होतं की भंवरकुआंहून आठची बस पकडावी. मी म्हटलं, घरात गाडी असताना पोरीने बसच्या दांड्याला लटकत जायचं? मी नेतो! यावर मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. ते मला खटकायला हवं होतं.

आम्ही साडेनवाला निघालो. राऊपर्यंत गाडी अशी चालली की लोण्यातून सुरी. महू मागे पडलं. मी नंदिनीला गॅसचं ज्वलन समजावून सांगत होतो आणि ती फाइल छातीशी धरून बाहेर बघत होती. मानपूर पाचेक किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा इंजिन खोकलं. मी घाबरलो नाही. दोन इंधनांची गाडी घ्यायची ती याचसाठी! ऐटीत खटका वर केला. इंजिन पुन्हा खोकलं. पेट्रोलचा काटा तर अर्ध्यावर होता. (तो कायम अर्ध्यावरच असतो हे मला त्या क्षणी उमगलं. गॅरेजवाल्याने "सुई थोडी आलसी है भिया" असं सांगितलं होतं, मला वाटलं तो विनोद करतोय.) आणि गॅस कुठे गेला म्हणाल, तर आदल्या दिवशी रविवार होता. कॉलनीतल्या लोकांना मी खटका दाखवायला गाडीतून फिरवून आणलं होतं. लोक फार होते. जाणकार माणसाने असं करायला नको होतं हे कबूल, पण अकरा वर्षांत इतक्या लोकांनी मला एका दिवसात काही विचारलं नव्हतं.

"म्हणजे बाबा," नंदिनी शांतपणे म्हणाली, "दोन्हीवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही नाही."

तेवढ्यात गाडीने अखेरचा श्वास सोडला, तोही साधा नाही, सायलेन्सरमधून धडाम! सुतळी बॉम्बसारखा. आणि नेमकी बाजूच्या चिंचेखाली एक बारात उभी होती. जवळच्या गावातला उदयसिंह नावाचा नवरदेव, मानपूरला लग्नाला निघालेला, एक पाय रिकिबीत टाकून घोडीवर चढत होता. आवाजासरशी घोडी जी उधळली ती कांद्याच्या शेतातून थेट क्षितिजाकडे. घोडीवाला तिच्या मागे. नवरदेव दोन्ही पायांवर सुखरूप उतरला, फक्त तलवार चिंचेला अडकली.

पन्नास माणसं आमच्याभोवती जमली. मी बॉयलर फुटता फुटता वाचवलेला माणूस आहे, पण नवरदेवाच्या काकांचा चेहरा बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, घोडी तुम्ही पळवली, आता दूल्हा काय खांद्यावर नेऊ? मी काही बोलायच्या आत नंदिनी गाडीतून उतरली. तिने काकांना नमस्कार केला आणि म्हणाली, "काकाजी, दूल्हे को हमारी गाड़ी में ले चलते हैं. बस थोड़ा पेट्रोल चाहिए."

पेट्रोल निघालं कुठून, तर बँडच्या ठेल्यावर कॅसिओ कीबोर्डसाठी जनरेटर होता, त्याच्या कॅनमधून! बँडमास्तर रघुवीर स्वतः कॅन घेऊन आले. लोकांनी गाडीवर झेंडूच्या माळा टाकल्या, नंदिनी आणि तिची फाइल पुढे मधोमध, पलीकडे खिडकीशी उदयसिंह. गाडी सुरू झाली. सव्वाअकरा वाजले होते आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण दादा, बारात म्हणजे नाचणारी माणसं. दोन पावलं पुढे, एक मागे. वीस मिनिटांत आम्ही एक पुलिया, म्हणजे छोटासा पूल, ओलांडली. फर्स्ट गिअरमध्ये इंजिन तापलं, मी तापलो. नंदिनी फाइलीच्या नाड्या सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. मी समोर बघत राहिलो. गेजवर भाळून मी पोरीची नोकरी घालवली, हे मनात स्पष्ट आलं. तेव्हा मान वळवून बोलले ते उदयसिंह. "दीदी, आपको देर हो रही है क्या?" नंदिनीने बाराची गोष्ट सांगितली. त्या मुलाने मुंडावळ्या बाजूला केल्या, खिडकीतून निम्मा बाहेर निघाला आणि ओरडला, "रघुवीर भिया! बैंड गाड़ी में बिठाओ!"

मग काय! मागे चार पिपाणीवाले, मधे भोंगा, फूटबोर्डावर रघुवीर, बोनेटवर ढोलवाला. (मला रस्ता त्याच्या काखेतून दिसत होता.) काका आणि बाकी बाराती ट्रॅक्टरने मागून येणार असं ठरलं. गाडी सुटली, बँड वाजतोय, आणि आम्ही मानपूरच्या बाजारातून असे गेलो की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. त्यात महूच्या मावशी बांगड्या भरत होत्या हे मला कसं माहीत असणार?

बाराला पाच कमी असताना शिक्षण कार्यालय आलं. बँड थांबेना, कारण थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. आवाज ऐकून नवरीकडची मंडळी आरतीचं ताट घेऊन धावत कार्यालयाच्या पायऱ्यांवर पोहोचली आणि पहिलं गंध लावलं ते बाहेर बघायला आलेल्या अधिकारीसाहेबांना. नंदिनी फाइल घेऊन आत गेली, गर्दीत अडकलेले उदयसिंह तिच्या मागून ढकलले गेले. टेबलामागच्या कारकून बाबूने कागद तपासले आणि विचारलं, "पति का नाम?"

"नहीं है."

बाबूने फेट्याकडे, तलवारीकडे बघितलं. "और ये?"

"ये किसी और के हैं," नंदिनी म्हणाली. "आप ज़रा जल्दी कर दीजिए, इन्हें भी देर हो रही है."

शिक्का बसला, दादा! बारा वाजायला एक मिनिट होतं. मग मी उदयसिंहांना मांडवात पोहोचवलं, त्यांनी जेवणात आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं, आणि निघताना कळलं की घोडीही तिची ती तिथे आली होती, आमच्याआधी.

तर लग्न असं झालंच नाही. नंदिनीचं जेव्हा होईल तेव्हा मामाचा पाट पहिला, हे लेखी देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाबूराव

ता. क. पेट्रोलचा काटा मी दुरुस्त केलाय. आता तो कायम शून्यावर असतो. हे जास्त सुरक्षित आहे.

ता. क. आणखी एक. एक जुलैपासून नंदिनीला रोज मानपूरला जायचंय आणि ती म्हणते मी बसने जाईन. बस चांगली आहे, सरळ जाते, बसायला जागाही मिळते, हे सगळं मला मान्य आहे. पण दादा, मिल सुटल्यापासून सकाळी सातला घरातून निघायचं काही कारणच राहिलं नाही हो. तुम्ही मामा म्हणून तिला दोन ओळी लिहा की बसचा काही भरवसा नसतो, बाबांसोबत जात जा. तुमच्या मनानेच लिहिलंय असं वाटू द्या. माझं नाव येऊ देऊ नका.

दादा, मी आनंदी. तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. तू काही लिहू नकोस. नंदिनीने त्याच रस्त्यावरच्या शाळांतल्या आणखी तीन मास्तरणी गाठून ठेवल्या आहेत आणि चौघी रोज ह्यांच्याच गाडीने जाणार असं परवाच ठरलं. ह्यांना आम्ही तीस जूनला सांगणार आहोत. आज सांगितलं तर उद्यापासूनच पहाटे पाचला इंजिन गरम करायला बसतील, आणि आमच्या सुट्ट्या चालू आहेत.