न विचारता दिलेली मतपत्रिका

बाबा, मागच्या मंगळवारी इथे अमेरिकेत निवडणूक झाली आणि दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मतदानाच्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चहासुद्धा न घेता निघणारे तुम्ही अजून तस्सेच दिसता. आता मी मतपत्रिका देणाऱ्या टेबलाच्या पलीकडे बसते. नेपरव्हिलमधल्या एका शाळेच्या जिममध्ये आमचं मतदान केंद्र असतं. इथे हे काम शेजारपाजारचेच लोक करतात, आणि टेबलामागे दोन्ही पक्षांचे लोक लागतात. एका पक्षाचं चिन्ह गाढव, दुसऱ्याचं हत्ती. हत्ती म्हटल्यावर तुमचे कान टवकारतील, पण हा हत्ती वेगळा हो, आपल्या वस्तीतला नाही.

ही निवडणूक पक्षाचा उमेदवार ठरवायची. तिच्यात मतदाराला तोंडाने सांगावं लागतं, मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या. पुढचं मत गुप्त, पण पक्ष चारचौघांत. तुम्ही तर दारातूनच परत फिरला असता. आईने एकदा चिडवत विचारलं होतं, "अहो, मला तरी सांगा कुणाला दिलं," तर तुम्ही पेपर वर धरून त्यामागे गडप झाला होतात.

तुम्हाला शेजारच्या मावशींचं सांगायचं होतं. काळ्या अमेरिकन, निवृत्त नर्स. मला बर्फात गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, आणि मी ब्रेक दाबला की "अगं बाई, पाय आहे की हातोडा!" असं इंग्रजीत ओरडायच्या. माझी मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही. त्यांचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो, माझ्याच वयाचा. गेल्या डिसेंबरात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, त्यांनी ओव्हनमधून रताळ्याचा 'पाय' हा इथला गोड पदार्थ काढला होता, आणि मुलगा सहज म्हणाला, "यंदा मी हत्तीची मतपत्रिका मागणार." मावशींच्या हातातली सुरी थांबली. "त्यांनी तुझ्यासाठी काय केलंय?" "काहीच नाही. पण गाढववाल्यांना वाटतं आपण काळे लोक त्यांच्या खिशातच आहोत. दर चार वर्षांनी चर्चमध्ये येतात, टाळ्या वाजवतात, जातात. निदान कळू दे, आमचं मतही मागावं लागतं." "माझ्या टेबलावर हे चालणार नाही," मावशी म्हणाल्या. तो उठून गेला. तो गोड पदार्थ कुणी खाल्लाच नाही, आणि मायलेकांचं बोलणं बंद झालं. मावशी तेव्हापासून वाळल्याच. दारात बर्फ काढायला तो यायचा, त्या खिडकीतून बघायच्या, आणि दोघंही मान वळवायचे. मला फार वाईट वाटायचं. एकुलता एक मुलगा हो तो.

एकदा त्याच मला म्हणाल्या, "माझे आजोबा हत्तीवाले. गुलामी संपवली त्या पक्षाने, म्हणून मरेपर्यंत त्यालाच मत. माझे वडील गाढवाकडे गेले, तर आजोबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि आता मी तेच करतेय." "मग करू नका ना," मी म्हटलं. "इतकं सोपं असतं तर!" म्हणाल्या.

तेव्हा मला आपलं नागपूरचं घर आठवलं. मी अठरा वर्षांची आहे, अख्खी वस्ती ज्याला मत द्यायची त्या पक्षाचा माणूस हात जोडून दारात उभा आहे, मागे तुंबलेली नाली. तुम्ही त्याला खुर्ची देता, पाणी देता, तो गटागटा पितो. तुम्ही विचारता, "नालीचं काय झालं?" तो म्हणतो, "यंदा नक्की, मास्तर." तो गेल्यावर मी उसळते, "मग काहून देता त्यालाच मत?" तुम्ही ग्लास विसळत म्हणता, "दुसरा कोन पितो आपल्या घरचं पानी?" आणि मग, जरा जोरात, "बोलायच्या आधी बघत जा, बाई."

मंगळवारी बर्फ होता. बोलणं बंद होतं, पण बर्फात आईला गाडीने आणणं काही बंद नव्हतं. मायलेक रांगेत पुढेमागे उभे. मुलगा आधी आला. मी हसले, त्याचं नाव तपासलं, आणि गाढवाची मतपत्रिका त्याच्यासमोर सरकवली. डिसेंबरात त्याचं बोलणं ऐकूनही, काळा माणूस म्हणजे गाढव, या सवयीने. विचारायचं असतं, पहिला नियम तोच, आणि दिवसभर मी प्रत्येकाला विचारत होते. त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून मावशी पुढे आल्या. मला वाटलं, आता त्याला म्हणतील, घे तीच. त्या मला म्हणाल्या, "विचार त्याला. माझा मुलगा आहे, विचारल्याशिवाय काही देऊ नकोस." मी विचारलं. तो हत्ती म्हणाला, हळूच, आईकडे बघत. मी मतपत्रिका बदलून दिली. मग मी मावशींची काढायला हात नेला, तर म्हणाल्या, "मलाही विचार. पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही." मी विचारलं. रांग खोळंबली, पण त्या चांगला वेळ घेऊन उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "गाढव." मुलगा खो खो हसला. त्याही हसल्या. जाताना त्याने हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आणि बर्फातून दोघं गाडीकडे गेले. गाडीत तरी बोलले असतील, असं मी धरून चालते.

बघा, पुन्हा धरूनच चालले. आणि हे सगळं पत्रही मी तुम्ही आयुष्यभर त्या पाणी पिणाऱ्यालाच मत दिलंत असं धरून लिहिलं. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हतात. अख्खी वस्ती देते म्हणजे बाबाही देत असणार, एवढाच माझा हिशेब. हे पत्र खणात राहील, तुमच्यापर्यंत काय पोचणार! विचारलं असतं तरी तुम्ही पेपरमागे गेला असता, तेही ठाऊक आहे मला. तरी विचारते, बाबा. तुम्ही कुणाला देत होतात?