जांभळीखालचा थांबा

३ नोव्हेंबर

परत हितं. जैसलमेरच्या माळावर. डोळ्यापुढं वाळू आणि सोलरच्या प्लेटा, दुसरं काय न्हाई. चढ म्हणून कुठं न्हाई. दिवाळीला घरी होतो, धनगरवाड्यावर चढउतर करून पोटऱ्या भरून आल्या होत्या. ते दुखणं गाडीत होतं, काल होतं. आज सकाळी गेलं. वाईट वाटलं.

ज्ञानू म्हणतो, "लेका, दुखणं गेलं म्हणून रडणारा तूच पहिला." ज्ञानू किकवीचा, माझ्याच खोलीत राहतो. त्याच्या दारातनं हायवे जातो. त्याला काय चढ कळणार.

४ नोव्हेंबर

आयचा फोन. डोकं ठणकतंय, कपाळाला फडकं आवळून बांधलंय म्हणे. दिवाळीतबी बांधलेलंच होतं. चुलीपाशी चक्कर आली तेव्हा मीच तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं. वाड्यावर कुणालाबी गरगरलं की तेच — "बीपी लो झालं असंल, पाणी दे." मोजायचं मशीन कुणी बघितलंय तिथं!

६ नोव्हेंबर

प्लांटवर सगळ्यांची तपासणी. शेफाली मॅडम म्हणून नर्स आहेत. दंडाला पट्टा आवळला. माझं बरोबर निघालं, ज्ञानूचंबी. तो म्हणाला, "मॅडम, घरून फोन आल्यावर मोजा, मग दिसंल वाढलेलं."

मी आयचं विचारलं, तोडक्या हिंदीत. त्या हसायच्या थांबल्या. गरगरलं म्हणजे बीपी लोच, हे कुणी सांगितलं? वाढलेलं असलं तर मिठानं अजून वाढतं. मग खुणा सांगितल्या. सकाळी डोकं मागनं जड. चक्कर. डोळ्यापुढं अंधुक. नाकातनं रक्त. चढावर धाप लागणं. असलं काही एकदम वाढलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि वर म्हणाल्या, बहुतेकांना यातलं काहीच होत नाही, आतल्या आत वाढत राहतं, म्हणून मोजूनच घ्यायचं.

काहीच होत न्हाई हे मला पटलं न्हाई. आयला तर सगळंच होतंय. आणि मी तिला मीठ पाजून आलोय.

७ नोव्हेंबर

पाइप हातात, ध्यान वाड्यावर. एकाच प्लेटीवर पाणी मारत बसलो. सुपरवायझर ओरडला ते बरं झालं.

९ नोव्हेंबर

रविवार. सुट्टी. आज वाड्यावर शेळ्यांना मीठ घालायचा दिवस.

आबा — माझे वडील — कातळावर खडेमीठ पसरतात आणि नुसतं "हुर्रर्र" करतात. डोंगरभरच्या शेळ्या पळत येतात. शेवटची चिमूट मात्र तळहातावर. आधी करडाला चाटवायची, राहिलेली आपल्या जिभेवर. आय म्हणायची, "शेळीचं उष्टं खाताय." आबा म्हणायचे, "तिचं दूध पितो ते चालतंय व्हय?" भाकरीवरबी त्यांना वरनं मीठ लागतंच. माझी जीभ त्यांच्यावर गेली. हितली डाळ मला पुचाट लागते.

लहानपणी वेल्ह्याचा बाजार करून आमी वर चढायचो. आबांच्या एका खांद्यावर मी, दुसऱ्यावर मिठाचं पोतं. मधी थांबायचं नाव न्हाई. मी म्हणायचो, आबा, थांबा की, गड बघू. ते म्हणायचे, "चालता चालता बघ. गड काय पळतोय?"

ह्या दिवाळीला मात्र आपणहून थांबले. जांभळीखाली. माझा खांदा धरून मला फिरवलं. "त्यो राजगड. ती सुवेळा माची. इकडं तोरणा. तिकडं वाळूत जाऊन इसरशील." हात काढलाच न्हाई खांद्यावरचा. पुढं खिंडीत परत तसंच. परत टाक्यापाशी. एवढी माया त्यांनी कधी दाखवली न्हवती. मी गप उभा राहिलो. काय बोललो असतो तर हात काढला असता.

आणि भाऊबीजेला धनश्री ओवाळत होती — माझी बहीण, मार्गासनीला दिलेली — तर शेजारी बसलेल्या आबांच्या नाकाचा घोळणा फुटला. नव्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे थेंब. आय म्हणाली, "आजच घातलावता." आबा कांदा हुंगत हसत होते, "धनी, ही घे माझी ओवाळणी." लई हसलो आमी.

हितं माळावर बसून तेच तेच आठवतोय. सुट्टी लई मोठी असती.

११ नोव्हेंबर

आयला फोन केला. दवाखान्यात जा म्हणालो.

"मग शेळ्या कोण बघणार? तुजी मॅडम?"

"आय, मीठपाणी पिऊ नको आता."

"तूच पाजलंस की."

मग धनश्रीला लावला. ती म्हणाली, बाजारादिवशी मी वेल्ह्यात येऊन थांबते, पण तिला खाली कोण उतरवणार? परत आयला फोन. मागनं आबांचा आवाज — "मी आणतो तिला. मला काय धाड भरलीय? बायकांची डोकी दुखायचीच, पण पोरगं तिकडं झुरतंय." शेळ्या त्या दिवशी चुलता बघणार.

मला कुणी हसलं तरी चालंल. बिरोबाला नारळ बोललो.

१३ नोव्हेंबर

सकाळपासनं मोबाईल छातीशी. गेले का, उतरले का, नंबर लागला का. आयचं काय निघालं तर? ती गेली तर त्या वाड्यावर मी कशाला जायचं? असलं असलं मनात.

दुपारी धनश्रीचा फोन. आयचं बीपी चांगलं आहे! डोळे अधू झालेत. वाकळ शिवताना ताणून ताणून बघती, त्यानं डोकं. आणि चक्कर उपाशीपोटी धुरात बसून. चष्मा लागणार. आय म्हणाली म्हणे, चष्मा घालून शेळ्यांमागं गेले तर शेळ्या बुजतील.

ज्ञानूनं माझ्या नावानं सगळ्यांना चहा पाजला आणि पैसे मलाच द्यायला लावले. मी दिले. आज कुणी कायबी मागावं.

धनश्री पुढं काय तरी सांगत होती, "दादा, अजून एक —" तेवढ्यात रेंज गेली. चष्म्याचंच असंल. आबांच्या पसंतीची काडी आणतील, शेळीच्या शिंगासारखी.

१४ नोव्हेंबर

सकाळी धनश्रीचा फोन लागला. काल डॉक्टरांनी आयचा पट्टा सोडला आणि आबांना म्हणाले, बाबा, आलाच आहात तर बसा. आबा हसत बसले. मशीन बघून डॉक्टरांनी दुसऱ्या दंडाला लावलं. मग परत पहिल्या. आबांना तिथंच ठेवून घेतलंय. कॉटवरनं मला फोनवर म्हणतात, "मला कायबी होत न्हाई रं."

आजच निघतोय.

जांभळीखाली आबा मला गड दाखवत न्हवते. माझ्या खांद्याला धरून दम घेत होते.