पस्तिशीच्या पुढच्या बायका

आई, मसोलीचा आपला फुग्यांचा कारखाना दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर उघडलाच नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला तूच आठवलीस, कारण तिथं मला कामाला लावलंस ते तूच. बाबा गेल्यावर तू काम मागायला गेलीस तेव्हा तुझे केस पार पिकले होते. या म्हाताऱ्या डोशीला घेऊन मी काय करू, असं शेठ तुझ्यादेखत मुकादमबाईला म्हणाला होता. तिनं हट्टानं तुला ठेवून घेतलं. नंतर तलासरीकडच्या पाड्यावरून एक मुलगी आली. साच्यावरून फुगे ओढून तिची बोटं सोलली, आणि ती रडत पिशवी भरून निघाली. तू तिला अडवलं नाहीस. डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "खाऊन जा. राहिलीस तर उद्या माझ्या शेजारी बस." ती लग्न होईपर्यंत राहिली. होळीला घरी गेलेल्या पोरी परत येत नाहीत, ही शेठची कायमची रड होती. तू आल्यावर त्या परत यायला लागल्या. मग शेठच विचारायचा, अशी अजून एखादी बाई मिळते का.

हे सगळं मी मागे तलासरीच्या एका कंपनीच्या गेटवर भरतीच्या साहेबांनाही सांगितलं. वाणगावपासून काम विचारत विचारत तिथवर गेले होते. साहेब माझ्याहून खूप लहान, पण माणूस चांगला. खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, "मावशी, पस्तिशीच्या पुढच्या बायका घ्यायच्या नाहीत, असं वरून सांगितलंय. घरात मुलगी आहे का?"

मुलगी आहे, तू न पाहिलेली तुझी नात. तिला लगेच घेतलं. काल ती घरी आली आणि चपला न काढताच ओट्यावर बसून राहिली. मशीनचा चटका बसून हाताला हा मोठा फोड आलेला, आणि दुपारपासून ती तशीच काम करत होती. कुणाला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"कुणाला सांगू? सगळ्या माझ्याच वयाच्या. त्यांना तरी काय कळतंय?"

उद्यापासून जात नाही म्हणाली. पण घरात तिचा एकटीचाच पगार येतो. सकाळी हाताला पट्टी बांधली, तिला जीपमध्ये बसवलं आणि जीप वळेपर्यंत उभी राहिले. तिनं मागे पाहिलं नाही.

हे तुला पाठवणार तरी कुठं. पण तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलता येणार नाही. तिला कामावर घेतलं त्या दिवशी मला आनंद झाला नव्हता. आणि काल तिचा फोड पाहिला तेव्हा, तिला किती दुखत असेल हे मनात येण्याच्या आधी, कंपनीवाल्यांनो, मला घेतलं नाही ना, आता भोगा, असं आलं.