साहेबांची शेवटची बास्केट

प्रिय फिलू,

तू गेल्याला महिना होतोय. तुला पत्र लिहायचं काही ठरवलं नव्हतं. पण काल मुलुंडला आपल्या पंख्यांच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचं स्नेहसंमेलन झालं आणि तिथे दोन गोष्टी घडल्या. दुसरी तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आधी पहिली ऐक.

तुझ्या फोटोला हार घालून आपले तेव्हाचे पर्सोनेल ऑफिसर, प्रधान, माईकवर बोलले. म्हणे, महिलांचा बास्केटबॉल संघ आपण मोठ्या हौसेने काढला, पण मुलींची लग्नं झाली आणि दोन वर्षांत तो आपोआप बंद पडला. कुणाची लग्नं गं? मी बिनलग्नाची त्यांच्यासमोर दुसऱ्या रांगेत बसले होते!

आणि हौस कसली? रंगीत टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. मुलींना खेळायचा पगार मिळतो हे आमच्या अंधेरीत कुणाला खरं वाटत नसे. बाबा तर शेजाऱ्यांना मी टायपिस्ट आहे असंच सांगत. तू गोराईहून होडीने खाडी ओलांडून, पुढे बस आणि गाड्या बदलत कांजूरमार्गला कंपनीत पोचायचीस, तरी सगळ्यांच्या आधी कोर्टवर. ही हौस?

आपले कोच कदम सर आठवतात? "रिंगखाली चेंडू उडाला की आधी हात वर. विचार नंतर करा." तेवढ्यासाठी ते आपल्याला कुठेही गाठत. कॅन्टीनमध्ये चहा पिताना डोक्यावरून कागदाचा बोळा फेकायचे, की आपल्या सगळ्यांचे हात वर. कपबशा फुटल्या. तुझं बोंबलाचं कालवण माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर सांडलं. शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेले माझे टेबल मॅनर्स सरांनी पार धुऊन टाकले.

मग तो वार्षिक दिन. आपण विरुद्ध ऑफिसर लोक, गमतीचा सामना. हेच प्रधान आधी येऊन बजावून गेले, शेवटची बास्केट मोठ्या साहेबांची, कुणी मध्ये यायचं नाही. तू कॅप्टन. तूच आम्हाला दोनदा समजावलंस, "मेलं जाऊ दे गो, एक बास्केट त्यांना."

साहेब नवे कोरे पांढरे बूट घालून रिंगखाली आले, चेंडू उडवला, आणि तुझा हात वर गेला. चेंडू थेट साहेबांच्या मिसेसच्या वेफर्सच्या बशीत! मग मागून कामगारांच्या शिट्ट्या. साहेब हसले, पण तुझ्याकडे बघितलं नाही. पुढच्याच महिन्यात रिंग उतरली, कोर्टवर पंख्यांची खोकी रचली गेली आणि आपण घरी.

आपल्याच संघातल्या शोभाने तुला तोंडावर सुनावलं, तुझ्या एका हाताने सगळ्यांच्या नोकऱ्या खाल्ल्या. तू ते खरं मानलंस. पुन्हा चेंडूला हात लावला नाहीस. का गं? मला एवढं टाकून बोलायचीस, तिला एक शब्द का नाही बोललीस?

शेवटच्या आजारात मी गोराईला आले, तेव्हाही तेच. "नलू, हात खाली ठेवला असता तर?" मी म्हटलं, मग तू खेळाडू कसली? तू भिंतीकडे तोंड वळवलंस. तुला पटलं नाही, हे मला कळलं.

आता दुसरी गोष्ट. भाषणानंतर खाणं झालं. आम्ही जुन्या पोरी कचऱ्याच्या पिंपाशी गप्पा मारत होतो. प्रधानांना लहर आली. काठी बगलेत धरून त्यांनी कागदी डिश चुरगाळली आणि लांबूनच पिंपाकडे फेकली.

माझा हात वर गेला, फिलू. खांदा धरलेला, डॉक्टरांनी जपा म्हणून सांगितलेलं, तरी गेला. शेजारी बघते तर शोभाचाही हात वर! डिश प्रधानांच्या बुटांवर पडली. शोभाने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तिच्या जागी मी असते, तरी हेच झालं असतं गं."

ऐकलंस? तो हात तुझा एकटीचा नव्हताच.

पुढच्या संमेलनात माईक मी घेणार आहे. संघ कशाने बंद पडला ते प्रधानांसमोर सांगेन, आणि शोभा शेजारी उभी राहणार आहे. तिने स्वतःहून कबूल केलंय.

तू आता हात खाली घे. आम्ही वर धरलेत.

तुझी,
नलू