किलोभर मीठ

गुरुजी,

काल बाजारात मिठाची पुडी उचलली. वर काय छापलंय ते वाचण्याआधीच हातानं सांगितलं, किलो. हा हात तुम्ही घडवलेला. पुढे मीही शिक्षिका झाले. माझ्या नोकरीत अभ्यासक्रम तीनदा बदलला, आणि दर वेळी मनसोक्त कुरकुर करून झाली की मला तुमची चौथी आठवायची.

शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले, ते वर्ष. दिडकीचा पाढा म्हणावा तो तुम्हीच. "तीन दिडे साडेचार" असा तुमचा आवाज लागला की शेजारच्या मिठागरात माझा बा फावडं थांबवून ओठ हलवायचा. नव्या पुस्तकात पावकी, निमकी, दिडकी काहीच नव्हतं. दशांश चिन्ह होतं. "म्हातारा आता काय शिकवतोय," असं लोक उघड बोलत. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांनी तर कळवलंच होतं, वर्ग कच्चा निघाला तर चौथी नव्या ट्रेनिंगवाल्या मास्तरांकडे आणि तुमची बदली नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराखाली. तुमच्या गुडघ्यांना ती वाट झेपणार नाही, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

तुम्ही शाळा सुटल्यावर थेट वाण्याच्या दुकानात जाऊन बसलात. तो वाणी तुमच्याच हातच्या छड्या खाल्लेला. "मला शिकव," तुम्ही म्हणालात, "चुकलो तर कान धर." तो बिचारा लाजून चूर. मग आम्हाला घरून एकेक जिन्नस आणायला लावून त्याच्या नव्या वजनांनी किलो-किलोच्या पिशव्या भरल्यात. कुणाचे तांदूळ, कुणाचे वाल, माझं मीठ. आम्ही डोळे मिटून त्या हातावर तोलायचो. "किलो आधी हाताला कळू दे, मग पाटीला." गुरुजी, इतकं साधं मला पुढे कुठल्याच शिबिरात कुणी सांगितलं नाही.

दहा दिवसांनी तपासणी. दिपोटींनी नेमकी माझीच पिशवी उचलून तराजूत टाकली, आणि पारडं वरच राहिलं.

"गुरुजी, तुमचा किलो अजून जुनाच दिसतो!"

मला रडू फुटलं. तुम्ही पिशवीच्या बुडाचा डाग चाचपून पाहता आहात, ते अजून दिसतं. "चूक माझी, साहेब. मीठ पाझरतं, हे मला सुचलं नाही." आणि लगेच आमच्याकडे वळून, "चला, किती पाझरलं सांगा बरं." पिशवीशेजारी तुम्ही बारकी वजनं ठेवत गेलात. पन्नास, वीस, दहा. काटा सरळ झाला. मीच नाक पुसत उठले.

"ऐंशी ग्रॅम, गुरुजी. आठ शतांश किलो कमी हाय."

पाटीवर ०.०८ लिहिलं. दिपोटींनी पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली, आणि चौथी तुमच्याकडेच राहिली.

तुम्ही पेठेतले, मिठाचं तुम्हाला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. बानं बजावलं होतं, "वल्लं हाय ते, नको नेव. मागच्या राशीतलं ने." पण मागची रास मळकट होती, आणि तुमच्यापुढे मळकट मीठ ठेवायची मला लाज वाटली. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. तुम्ही होतात तोवर कितीदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरले. आता हा कागद माझ्या जुन्या हजेरीपटात राहील.

आणि खरं सांगू, गुरुजी? तुम्ही "चूक माझी" म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं.