कुंडीखालचं रुबार्ब

२५ जानेवारी, रविवार
पाऊस. काल पाऊस, परवा पाऊस. रस्ते खात्यात छत्तीस वर्षं काढली, पण इतका चिखल नोकरीतही तुडवला नव्हता.

ही वही आजपासून फक्त बागेसाठी. कुणी वाचायची नाही. बायकोने, पॉलीनने, तर मुळीच नाही.

या वर्षीचा संकल्प एकच. मदरिंग संडेला चॅपलच्या हॉलमध्ये गावातल्या सगळ्या आयांना चहा आणि गरम क्रंबल (फळांवर लोणी-पिठाचा चुरा घालून भाजलेलं गोड) देतात. त्या क्रंबलमधलं रुबार्ब या वर्षी माझं असणार. माझं म्हणजे बाबांचं. बाबांनी तीस वर्षं अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात ती आंबट गुलाबी देठं काढली. रिटायर होताना तिथलाच एक गड्डा घेऊन आले आणि आमच्या परसात लावला. तेव्हापासून बावीस वर्षं क्रंबल आम्हा आर्मिटेजांचंच. गेल्या वर्षी लॉकवुडचं गेलं.

डेनिस लॉकवुड. शेजारी. पियानोचे सूर जुळवायचं काम करायचा. मूळचा लँकशरचा, म्हणजे आमच्या पिढीजात वैऱ्यांच्या मुलखातला. इथे येऊन तीन वर्षं झाली नाहीत, आणि लँकशरच्या माणसाचं रुबार्ब आमच्या वेकफिल्डच्या बायकांनी मिटक्या मारत खाल्लं. पॉलीनने दोनदा घेतलं. मी पाहत होतो.

२६ जानेवारी, सोमवार
रुबार्बवर झाकायची कुंडी ठेवली. बाबांचीच. मातीची, घंटेच्या आकाराची, वर झाकण, कडेला टवका उडालेला. (टवका माझ्या फावड्याचा. बाबांनी मला आठवडाभर कुंडीजवळ फिरकू दिलं नव्हतं.) आत उजेड शिरला नाही की देठं उंच, कोवळी, गुलाबी होतात.

हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही, नुसता चिखल. पण मला जागा शोधावी लागत नाही. कुंपणापासून चार पावलं, पाण्याच्या पिंपापासून दोन. मी लेबल लावत नाही. जन्मभर गावाला पाट्या लावल्या. ज्याला स्वतःच्या बागेत पाटी लागते तो माळी कसला. चिखल सारला तर लालसर कोंब दिसला. चांगला अंगठ्याएवढा. लगेच कुंडी घातली. झाकणावर वीट.

पॉलीनने किचनच्या दारातून विचारलं, त्या कुंडीखाली काय लावलंयस. म्हटलं, मार्चमध्ये कळेल. बरं म्हणाली आणि आत गेली. बायकोला नवऱ्याच्या बागेबद्दल काडीचं कुतूहल नाही.

३० जानेवारी, शुक्रवार
पाऊस. दुसरा संकल्प: डेनिसच्या परसात डोकावणं बंद. आपली बाग बरी, आपण बरे.

स. ११.१५. बाथरूमच्या खिडकीतून पक्षी पाहत होतो. दुर्बीण पक्ष्यांसाठीच घेतली आहे. डेनिसच्या रुबार्बच्या वाफ्यात एक रॉबिन आला म्हणून तिकडे पाहावं लागलं. त्याच्याकडे घोड्याच्या लिदीची दोन पोती आली आहेत. वाफ निघत होती. मला दुकानात मिळालेलं खत थंडगार, आणि त्याला कसलाही वास नाही. एखाद्याला लीदसुद्धा उत्तम प्रतीची मिळते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सं. ५.३०. अंधार, पाऊस. डेनिस हातात पेटती मेणबत्ती घेऊन कोळशाच्या शेडमध्ये गेला. दार आतून ओढून घेतलं.

इतर कुणाला वाटलं असतं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. मी माझ्या बापाचा मुलगा आहे. मेणबत्ती म्हणजे आत रुबार्ब. गड्डा जमिनीतून उपटून, थंडीत उघडा टाकून, मग अंधारात कोंडायचा, अगदी जुन्या पद्धतीने. बाबांची पद्धत. याला कुणी शिकवली?

जेवण गेलं नाही. पॉलीन म्हणाली, मीठ कमी आहे का. नाही म्हटलं, लँकशर जास्त आहे. तिला कळलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
जाणकारांना अंधारातल्या रुबार्बची वाढ ऐकू येते. कोंब फुटताना टक असा आवाज होतो. बाबा सांगायचे. आज छत्री घेऊन कुंडीपाशी गुडघ्यावर बसलो आणि कुंडीला कान लावला. वीस मिनिटं काही नाही. मग टक. मग आणखी एक टक.

डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू.

डेनिस कुंपणापलीकडे उभा होता. म्हणाला, काय रे क्लाइव्ह, आत कुणी आहे का. मी म्हटलं, बूट बांधतोय. गमबुटांना नाड्या नसतात हे नंतर लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
कान ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, गारठा. त्यांनी कसं झालं विचारलं. मी सांगितलं नाही.

पॉलीनला व्हॅलेंटाइनचं कार्ड दिलं. मोठं, आतून गाणं वाजणारं. तिने मुका घेतला आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावलं. डेनिसने कुंपणावरून मूठभर स्नोड्रॉप्स दिले होते, मुळांसकट, कागदात गुंडाळून. ते जेवणाच्या टेबलावर, काचेच्या भांड्यात. डेनिस विधुर आहे, चार घरी असाच पानं-फुलं वाटत असतो, असं ती म्हणाली. चार घरांशी मला काय करायचंय. टेबल माझं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
बाकल्याच्या शेंगांचे अठ्ठेचाळीस दाणे टोचले होते. तीन उगवले. दोन उंदरांनी खाल्ले. उरलेल्या एकावर गोगलगाय बसली आहे. हे सगळं पाण्याने. डेनिसच्या बाकल्याला पाणी लागलं नाही, कारण त्याने तो टॉयलेट-रोलच्या नळ्यांमध्ये घरात वाढवून मग लावला. मीसुद्धा तेच करणार होतो.

बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये कोंब यायला ठेवलेत, सगळ्या खिडक्यांत. पॉलीन म्हणते, पडदे ओढायचे की बटाट्यांना विचारायचं.

काही हरकत नाही. सगळं जाऊ दे. कुंडी आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
राहवलं नाही. ओव्हरकोट डोक्यावरून कुंडीवर घेतला, म्हणजे उजेड शिरायला नको, आणि झाकण सरकवून हात घातला. आहेत. लांब. गारेगार. गच्च झुबका. कमीत कमी पंधरा.

तसाच ओला चॅपलवर गेलो. चहाचं सगळं बूथरॉइडबाईंकडे असतं. त्यांना सांगून टाकलं, या वर्षी सहा किलो रुबार्ब आर्मिटेजांच्या परसातून. त्या म्हणाल्या, नक्की ना, डेनिसही देतो म्हणालाय. म्हटलं, डेनिसला खुशाल नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, क्लाइव्ह, आठ क्रंबल आहेत, साठ बायका येतात, आणि माझी आई यंदा नव्वदीची आहे, ती नुसती त्यासाठी येते. म्हटलं, तुमच्या आईला पहिला वाडगा मी माझ्या हाताने नेऊन देईन.

घरी येताना भिजलो, पण शीळ वाजवत आलो.

१ मार्च, रविवार
डेनिस कुंपणाशी आला. बूथरॉइडबाईंनी सांगितलेलं दिसतं. वाटलं, आता तोंड पडलेलं बघायला मिळेल. तर हसतोय. म्हणाला, फार बरं झालं, यंदा तुझ्याच घरचं हवं होतं. वर म्हणाला, त्या रुबार्बबद्दल तुझे आभार मानायचेच राहिलेत.

टोमणा. गेल्या वर्षी माझं सुतळीसारखं आलं म्हणून त्याचं गेलं, त्याचे आभार! कान दुखतोय असं सांगून आत आलो. याचा चांगुलपणा मला सहन होत नाही. तो वाईट वागला असता तर मी त्याच्याशी किती चांगला वागलो असतो.

१० मार्च, मंगळवार
पाऊस. डेनिस पुन्हा काहीतरी सांगायला आला. मी शेडमध्ये लपलो. शेड गळते.

१४ मार्च, शनिवार
स. ९. उद्या मदरिंग संडे. आज काढणी. बूथरॉइडबाई अकराला टोपल्या घेऊन येतील. मुद्दाम सगळ्यांसमोर कुंडी उचलणार. पॉलीनला चांगला कोट घालायला सांगितलाय. डेनिसलाही बोलावलंय. बघू दे.

दु. १२.४०. जसं झालं तसं लिहितो.

कुंडी उचलली. खाली फिकट पिवळी, गुलाबीसर पानं, लांबच लांब, एकमेकांत गुंतलेली. मी म्हटलं, बघा. बूथरॉइडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, क्लाइव्ह, हे डॉक आहे.

डॉक. रस्त्याच्या कडेचं तण. खाजरा पाला लागून अंग पोळलं की पोरं वर ज्याची पानं चोळतात ते. माझ्याच खात्याने गावभर ते पंचवीस वर्षं फवारून मारलंय. मी त्याला सात आठवडे अंधारात, खत घालून, कान लावून वाढवलं.

मी म्हटलं, मग बाबांचं रुबार्ब कुठे आहे.

पॉलीन म्हणाली, अरे, डेनिसकडे. ऑक्टोबरात तू त्या गड्ड्याला लाथ मारून म्हणालास, नालायक आहे, उपटून टाक. तुझी पाठ धरली होती म्हणून नोव्हेंबरात मीच उपटलं. तुझ्या बाबांचं, कचऱ्यात कसं टाकू. तुला विचारलं, डेनिसला देऊ का. हो हो, दे म्हणालास. बाथरूमच्या खिडकीत उभा होतास.

तेव्हा डेनिसला पोतीच्या पोती नारळांएवढे कांदे मिळाले होते. मी ते मोजत होतो.

डेनिस मान खाली घालून उभा होता. मी सांगायला दोनदा आलो होतो रे, म्हणाला. मग शेडमध्ये गेला, मेणबत्ती घेऊन, आणि सहा किलो काढून आणलं. बोटाएवढी जाड, गुलाबी, वर इवली पिवळी पानं. बाबा आणायचे तसंच. त्याला ते कसं काढायचं हेही माहीत होतं, खुडायचं नाही, बुडाशी धरून पिळत ओढायचं. कुणी शिकवलं विचारलं. म्हणाला, पॉलीनने. तिला तुझ्या वडिलांनी शिकवलं होतं.

मला कधी शिकवलं नाही. टवक्यानंतर नाहीच.

१५ मार्च, रविवार
हॉलमध्ये न जाण्याचं ठरवलं होतं. पॉलीनने कोट हातात दिला.

बूथरॉइडबाईंच्या आईला पहिला वाडगा नेऊन दिला. शब्द दिला होता. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, हे आर्मिटेजांचं. मी म्हटलं, आता लॉकवुडचं आहे. ती म्हणाली, पोरा, मला चव कळते, कुंपण कळत नाही.

डेनिसने उठून सगळ्यांना सांगितलं, हे क्लाइव्हच्या वडिलांचं रुबार्ब, मी नुसता सांभाळतो. टाळ्या. पॉलीनने दोनदा घेतलं. मीही दोनदा घेतलं. इतकं चांगलं बाबा गेल्यापासून खाल्लं नव्हतं. ते माझ्यापेक्षा त्याच्याकडे सुखी आहे, हे मला हॉलमध्येच कळलं, आणि फार राग आला.

१९ मार्च, गुरुवार
पाऊस उघडला. बाथरूमच्या खिडकीत होतो. पक्षी. डेनिसच्या चेरीला कळ्या आहेत, आमच्या नाहीत. पॉलीन जिन्यातून काहीतरी विचारत होती. हो म्हटलं.

२२ मार्च, रविवार
ऊन. या वर्षातला पहिला कोरडा रविवार. नवे संकल्प: लेबलं लावणार. मत्सर बंद. डॉक उपटणार (काल पुन्हा फुटलंय, जोमात).

स. १०. बाथरूमच्या खिडकीतून एकच नजर टाकली, शेवटची म्हणून. डेनिसच्या वाफ्यात एक कुंडी आलीय. मातीची, घंटेच्या आकाराची, जुन्या घडणीची, वर झाकण. अशा कुंड्या आता बाजारात मिळत नाहीत, याला मात्र मिळतात. पॉलीनला हाक मारून वर बोलावलं, म्हटलं, बघ जरा, कसली देखणी कुंडी मिळवलीय याने, कुठून आणतो कोण जाणे.

पॉलीनने दुर्बीण घेतली. पाहिलं. म्हणाली, कडेला टवका आहे बघ.

मी पाहिलं. होता.

म्हणाली, गुरुवारी तुला विचारूनच दिली. मग दुर्बिणीचा पट्टा गुंडाळत म्हणाली, ही पण देऊन टाकू का त्याला. मी हो म्हटलं. या वेळी ऐकून.