गुडघ्याखाली

१२ नोव्हेंबर २००२
पुसेगावकडच्या तांड्यावरचे हवालदार (ह.) राठोड दाखल. सतरा वर्षं फौज, त्याहून जास्त वर्षं विडी. उजवा पाय घोट्यापर्यंत काळा. पाय जाणार हे त्यांनाही ठाऊक. विचारतात एवढंच, "कुठून, साहेब?" गुडघा राहिला तर नकली पाय लावून शेतात जाता येतं. गेला तर बहुतेक बाजेवरच. आजवर रक्त कमी पोचतं असं दिसलं की मी सरळ मांडीतून कापत आलो. जखम भरते, भानगड नाही. म्हणालो, "बघू." भित्र्या डॉक्टरचा आवडता शब्द.

१३ नोव्हें.
औरंगाबादला माझ्या सरांना फोन. म्हणाले, पुढची कातडी उपाशी, रक्त पोटरीकडे जास्त. मागून पोटरीच्या मांसाचा पदर लांब ठेव, हाडावरून पुढे आण, तिथं शिव.
पायमोज्यावर कापून पाहिलं. जमलं! बायको: "अहो, नवा होता तो."

१५ नोव्हें.
ऑपरेशन. आधी ह.ना स्पष्ट सांगितलं, नाही भरलं तर परत मांडीतून कापावं लागेल. "म्हंजे दोन डाव?" दोन. "लढू गुडघ्यासाठी. हरलो तर हरलो."
रक्त रोखायचा पट्टा न बांधता गुडघ्याखालून कापलं. पोटरीच्या कडेला रक्त आलं, लालभडक. जन्म रक्त थांबवण्यात गेला, आज ते आलं म्हणून टेबलाशी मोठ्यानं हसलो. कांबळे सिस्टर: "सर, बरं वाटून राहिलं ना तुमाला?"

१८ नोव्हें.
ड्रेसिंग उघडलं. कापलेला भाग गरम, छान. पण गुडघ्याखाली गोधडीची घडी! ह.च्या बायकोनं, जमनाबाईंनी, मायेनं ठेवलेली. गुडघा असा वाकून आखडला तर नकली पाय बसणारच नाही, मग वाचवला कशाला? काढली. दुपारी परत घडी. संध्याकाळी ओढणीचा बोळा. मी ओरडलो. त्याही काही कमी नाहीत. "दुखून राहिलं ना त्यायला! उशी बी द्यायची न्हाई का?"
वाईट वाटलं. मग वॉर्डभर एक गुडघा वाकवून लंगडत चालून दाखवलं. सगळा वॉर्ड हसला. बाईंना पटलं.

२० नोव्हें.
जरा जास्तच पटलं. शेजारच्या खाटेवरच्या फ्रॅक्चरवाल्याचीही उशी काढून घेतली. ती मीच द्यायला सांगितली होती.

२६ नोव्हें.
जखमेच्या कडेला रुपयाएवढा काळा डाग. ह. छताकडे बघत होते. रात्री मला जेवण गेलं नाही.

२७, २८
तेवढाच. तेवढाच.

३ डिसें.
डाग सुटला. खाली लाल मांस. भरतंय!!! सिस्टरला तीनदा दाखवलं. "दिसलं हो सर, दिसलं." ह.नी गुडघा सरळ करून सॅल्यूट ठोकला, पडल्या पडल्या. मला रडू आलं, लपवलं नाही.

१० डिसें.
टाके काढले. जमनाबाईंनी लापशी आणली, सगळ्या वॉर्डाला. विड्यांचं बंडल त्यांच्या कमरेला, ह.ना मिळणार नाही म्हणे. माझ्यापेक्षा कडक डॉक्टर.

१४ मार्च २००३
ह. चालत आले! नकली पायावर. काठी आहे, ती लोकांना बाजूला सारायला. सोबत कुबड्यांवर एक गडी. "साहेब, हे इंगोले. वारंगा फाट्यावर पंक्चर काढतेत. हे बी फौजेतले."
ओळखलं. सहा वर्षांपूर्वी ह्यांचा पाय मीच मांडीतून कापलेला.
इंगोले बराच वेळ ह.च्या गुडघ्याकडे पाहत होते. मग, "माझा बी वाचला असता का, साहेब?"
"कदाचित. तवा मला येत नव्हतं."
त्यांनी चप्पल काढली. उरलेला पाय स्टुलावर ठेवला. अंगठा काळा.
"आता येतंय ना? मंग ह्याचं पाहा."
घोट्याला नाडी नाही. गुडघ्यामागं हात धरून बसलो. लागते, बारीक. गुडघ्यापर्यंत रक्त येतंय. उद्या दाखल करतो.